पुसलेल्या ओळींचे संग्रहालय

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात वेस्ट बार येथे १९०० साली उभारलेली एक इमारत आहे. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या तिन्ही सेवा तिथे एका छपराखाली नांदत. आज त्या वास्तूत संग्रहालय आहे. पूर्वी ते 'अग्निशमन व पोलीस संग्रहालय' होते. आता 'राष्ट्रीय आपत्कालीन सेवा संग्रहालय' म्हणून ओळखले जाते. जुने बंब आणि जुन्या कोठड्या तिथे एकाच फेरीत पाहता येतात. प्रश्न असा की, शेजारी मांडलेल्या या दोन स्मृती एकाच जातीच्या आहेत काय?

माझ्या मते नाहीत. आगीला बाजू मांडायची नसते. डिसेंबर १९४० मध्ये शेफील्डवर बाँब पडले तेव्हा आगीशी झुंजणाऱ्यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण दिले. आपणही तो दिवस निःशंक मनाने पाळतो. बंब हा एकच पाठ असलेला ग्रंथ आहे. तो नुसता उभा केला तरी पुरतो.

पोलिसांचा इतिहास मात्र माणसांच्या विरुद्ध माणसे उभी राहिल्याचाही इतिहास असतो. १८ जून १९८४ रोजी शेफील्डजवळच्या ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगार आणि पोलीस यांची चकमक झाली. ९५ जणांवर खटले भरले गेले. पोलिसांची साक्ष न टिकल्याने ते १९८५ साली कोसळले. पुढे १५ एप्रिल १९८९ रोजी याच शहरातील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन एकूण ९७ जणांचा बळी गेला. दोष प्रेक्षकांच्या माथी मारण्यात आला. तो खोटा असल्याचे २०१६ साली न्यायचौकशीतील ज्यूरीने निःसंदिग्धपणे सांगितले.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असा तपशील याच प्रकरणात आहे. २०१२ च्या स्वतंत्र समितीला असे आढळले की १६४ पोलिसांच्या जबान्यांत लक्षणीय फेरफार झाले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलीस दलाला प्रतिकूल असा मजकूर काढून टाकला होता. ही पाठभेदांचीच गोष्ट आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना गाळलेले पाठ तळटीपांत जपले, कारण वाचकाला निवाडा करण्याचा अधिकार आहे. पोलिसांचा इतिहास जपणाऱ्या कोणत्याही संग्रहालयाने हाच दंडक पाळायला हवा. शिरस्त्राण आणि दंडुका काचेआड ठेवावा, पण मूळ जबानी आणि दुरुस्त जबानीही शेजारी मांडावी.

यावर आक्षेप येईल की, लहान मुले जिथे बंबावर चढायला येतात तिथे आरोपपत्रे कशाला? शिवाय इमानाने नोकरी केलेल्या शिपायाचा हा उपमर्द नव्हे काय? पहिल्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे : मुले मोठी होतात. दुसऱ्याचे उत्तर त्या कागदांतच आहे. पुसल्या गेलेल्या ओळी पोलिसांनीच लिहिल्या होत्या. आपल्याच दलाची चूक कागदावर नोंदवण्याचे धैर्य काही शिपायांनी दाखवले आणि वरिष्ठ व्यवस्थेने ते खोडले. त्या ओळी भिंतीवर परत लावणे हा शिपायाचा गौरवच ठरेल. बंबावर चढणाऱ्या जवानाच्या धैर्याहून ते धैर्य वेगळे आहे, पण कमी प्रतीचे नाही.