ट्रिम मार आणि मोकळा हो!

आमच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झालंय. अंधेरीच्या सीप्झपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही ऑफिसात जा, नाव जुळत नाही म्हटलं की उत्तर तयार: "त्यात काय, ट्रिम मार!" मला या वाक्याचा मनापासून राग येतो.

नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो. 'पाटील' आणि 'पाटील' पुढे एक स्पेस, ही दोन नावं एक की दोन? तुम्ही म्हणाल, एकच. डेटाबेस म्हणतो, कुणाला विचारताय त्यावर आहे! मायएसक्यूएल ५.०.३ च्या (२००५) आधी व्हारकारमधली शेवटची स्पेस साठवतानाच गुपचूप कापली जायची. नंतर ती राहू लागली, पण तुलना करताना धरली जात नसे. २०१८ च्या ८.० मध्ये नव्या टेबलांचं डिफॉल्ट कोलेशन बदललं आणि तीच दोन नावं वेगळी ठरू लागली. एसक्यूएल सर्व्हर बरोबरच्या चिन्हाने विचारलं तर शेवटची स्पेस धरत नाही, लांबी मोजतानाही सोडून देतो. ओरॅकल तर रिकाम्या नावाला 'माहीत नाही' समजतो. मूळ कारण जुनं आहे. पंचकार्डावर ८० रकाने, नाव छोटं असलं की उरलेले रकाने कोरे. त्या कोऱ्या जागेला अर्थ नव्हता. कार्डं गेली, सवय राहिली.

बरं, ट्रिम मारून तरी सुटतं का? साधा ट्रिम फक्त टोकाची साधी स्पेस काढतो. वेबपानावरून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस तशीच राहते. आणि आपल्या मराठीत तर आणखी गंमत. 'कऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर अगदी सारखं, आत वेगळं. मग कुणी शहाणा म्हणतो, न दिसणारं सगळं उडवा. उडवा की! त्या पद्धतीने लिहिलेल्या 'दर्‍या'तला जोडक काढलात तर 'दर्या' होतो. सह्याद्रीतून थेट समुद्रात!

इथे खरा प्रश्न तंत्राचा नाहीच. खिडकीपलीकडच्या बाईला "तुमचं नाव जुळत नाही" असं सांगितलं जातं, जणू तिनेच काही लबाडी केली. तिचं नाव बरोबरच असतं. आवृत्ती बदलली आमची, आणि हेलपाटे तिला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवा. तुलनेसाठी वेगळी, स्वच्छ केलेली प्रत बनवा, आणि तिचे नियम लिहून ठेवा. आवृत्ती बदलण्याआधी जुन्या नावांवर तपासून बघा. आणि न दिसणारी अक्षरं पडद्यावर दाखवा, निदान काउंटरवरच्या माणसाला तरी.

एवढं जमत नसेल, तर निदान समोरच्याला खोटं ठरवू नका. असो. तुमच्याकडे काय अनुभव, कळवा.