मैदानाबाहेरचा आठवा गडी

कबड्डीच्या संघाचे सात खेळाडू मैदानात असतात, हे शाळकरी पोरही सांगेल. पण गेली तीन वर्षे पंच म्हणून तोंडात शिट्टी धरून उभा राहिल्यावर माझ्या ध्यानात आले की, प्रत्येक संघाला एक आठवा गडीही असतो. तो रेषेबाहेर उभा असतो. चढाई करीत नाही, पकडही करीत नाही. पण सामना कसा खेळला जाणार हे पुष्कळदा तोच ठरवितो. हा आठवा गडी म्हणजे संघाचा प्रशिक्षक. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. लिहिताना हात थोडा अडखळतो. कारण शालेय संघाचे प्रशिक्षक म्हणजे बहुधा शाळेतले सर, आणि सरांविषयी तक्रारीच्या सुरात बोलण्याची आपल्याला सवय नाही. तरीही लिहितो आहे, कारण गप्प राहण्याची किंमत कोणी दिली हे मी पाहिले आहे.

आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ असो, कबड्डी आपल्याकडे कुणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. आमचे आजोबा तिला अजून हुतूतूच म्हणतात. ते सांगतात, त्यांच्या वेळी देवळापुढच्या पटांगणात खेळ रंगे तेव्हा पंच नावालाच असे. ज्याला हात लागला तो आपण होऊन बाहेर जाऊन बसे. त्या काळी सारेच साधुसंत होते असे मला म्हणायचे नाही. हुतूतूवरून डोकी फुटल्याच्या गोष्टीही आजोबाच सांगतात. पण त्यांच्या बोलण्यात एक मर्म आहे. कबड्डीतला स्पर्श हा दोघांनाच नक्की ठाऊक असतो : ज्याने केला त्याला आणि ज्याला झाला त्याला. आज नियमाप्रमाणे सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि गुणलेखक असा आमचा परिवार मैदानाभोवती असतो. तरीही चढाई करणाऱ्याचे नख कोपरारक्षकाच्या अंगठ्याला ओझरते लागले, तर ते आमच्यापैकी एकालाही दिसत नाही असे अनेकदा घडते. म्हणजे हा खेळ आजही अर्धा पंचांच्या डोळ्यांवर चालतो आणि अर्धा खेळाडूंच्या मनावर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या शालेय स्पर्धा, सतरा वर्षांखालील मुलींचा सामना. सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि मैदानावर टाकलेला लाकडाचा भुसा पायांना चिकटत होता. शेवटची दोन मिनिटे उरली होती आणि फलकावर बरोबरी होती. एका चढाईत चढाई करणारी मुलगी डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकून मध्यरेषेवर परतली. मला स्पर्श दिसला नाही. माझ्या समोरच्या पंचालाही दिसला नाही. आम्ही चढाई निष्फळ ठरविणार, इतक्यात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने हात वर केला आणि ती मुकाट्याने बाहेर चालू लागली.

तिचे सर रेषेवरून ओरडले, "तुला कुणी विचारलं होतं? पंचांनी दिलं होतं का?"

ती अर्ध्या वाटेत थांबली. तिने आधी सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी गुण दिला. त्या एका गुणाने तिचा संघ हरला. तालुक्याला हरले की त्या वर्षापुरता खेळ संपतो. पुढे जिल्ह्याला जातो तो विजयी संघ. सामना संपताच सर मैदानात शिरले आणि मला म्हणाले, "काल शिट्टी हातात घेतलीस आणि आज आम्हाला कबड्डी शिकवतोस होय रे?"

ते मला 'अरे-तुरे' करीत होते, कारण तो त्यांचा अधिकारच होता. मला दम धरायला आणि कोपरा राखायला त्यांनीच शिकविले होते. माझ्या खिशात हिरवे कार्ड होते. प्रशिक्षकाला ताकीद देण्याचा अधिकार नियमांनी मला दिला होता. मी "सर, तसं नाही..." एवढेच पुटपुटलो आणि कार्ड खिशातच राहिले. पुढे टेम्पोजवळ साऱ्या मुलींसमोर सर त्या पोरीला काय काय बोलले, ते लांबून मला ऐकू येत होते. दुसऱ्या वर्षी त्या शाळेचा संघ आला, त्यात ती नव्हती. कारण मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

त्या दिवशी पराभूत कोण झाले? गुणपत्रक सांगते, तिची शाळा. मला वाटते, त्या सातही मुली एक धडा शिकून घरी गेल्या : घडले काय याला महत्त्व नाही, पंचाच्या नजरेस काय पडले याला आहे. हा धडा कोणत्याही सरावात शिकवावा लागत नाही. एका ओरडण्यात तो शिकवून होतो. पंच म्हणून उभे राहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. निर्णय दिला की मुले पंचाकडे बघतच नाहीत; ती सरांच्या चेहऱ्याकडे बघतात. सरांनी हात पसरले की सात जोड्या हात पसरतात. सरांनी मान डोलावली की मुले निमूटपणे पुढच्या चढाईला उभी राहतात. नियमपुस्तिकेत बोट दाखवून निर्णय मागणे, निर्णयाबद्दल पंचांशी पुन्हापुन्हा बोलणे, बाहेरून सूचना देणे हे सारे गैरवर्तनच मानले आहे. त्यासाठी हिरवे, पिवळे, लाल अशी कार्डे आहेत. पण ती बाहेर निघतात ती पोरांसाठी. ज्यांच्याकडे पाहून पोरे शिकतात त्यांच्यासाठी क्वचितच!

आता प्रशिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे एकतर्फी निकाल होईल. साऱ्या शाळेला एखादेच क्रीडाशिक्षक. त्यांनीच मैदान आखायचे, अर्ज भरायचे, टेम्पो ठरवायचा आणि वर रिकाम्या तासाला वर्गही सांभाळायचे. वर्षाच्या शेवटी त्यांच्या कामाचे मोजमाप होते ते कार्यालयातल्या कपाटात ढाली किती आल्या यावरून. त्यातच दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांमुळे एकेका विजयाला मोल आले आहे. डोंगराकडच्या वाडीतून आलेल्या मुलाला या वाटेने पुढे जाता येते, हे चांगलेच आहे. अशा वेळी एका गुणावर सरांचा तोल गेला, तर त्यांना माणूस म्हणून मी समजू शकतो. शिवाय पंच चुकतात. मीही चुकलो आहे आणि एकदा माझ्या चुकीने एका संघावर लोण चढला, हे इथे कबूल करतो. पण चूक दाखविण्याचा मार्ग आहे : कर्णधाराने शांतपणे विचारावे, सामना संपल्यावर लेखी हरकत घ्यावी. तो मार्ग लांबचा आहे म्हणून आरडाओरड्याचा जवळचा मार्ग मुलांना दाखविणे, हे शिक्षण नव्हे.

हा जवळचा मार्ग कुठवर पोहोचतो तेही पाहा. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीचा निकाल मान्य न होऊन शिवराज राक्षे या नामांकित मल्लाने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. अंतिम लढत अर्धवट सोडणाऱ्या महेंद्र गायकवाडवर आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. दोघेही आपल्या महाराष्ट्राचे गुणी मल्ल. त्यानंतर गावोगावच्या पारांवर चर्चा झाली ती पाठ टेकली होती की नव्हती याची. निर्णय चुकीचा असेलही. परंतु चुकीच्या निर्णयाचे काय करायचे असते हे आपण पोरांना कधी शिकविले, असा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. त्याआधी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझौ येथे आशियाई स्पर्धेच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना भारत आणि इराण यांच्यात राखीव क्षेत्राच्या नियमावरून वाद झाला. सुमारे तासभर खेळ थांबला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. भारत ३३-२९ असा जिंकला, सुवर्णपदक आले आणि आपल्याला आनंद झाला. पण दुसऱ्याच आठवड्यात एका शाळेच्या मैदानावर निर्णय मान्य नाही म्हणून सात पोरे मांडी घालून बसली आणि त्यांचे सर बाहेरून म्हणाले, "उठू नका!" पाहिलेले अनुकरणात यायला असा कितीसा वेळ लागतो?

मित्रहो, आपल्या लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम उभारणाऱ्या स्वामी कुवलयानंदांकडे पुढे मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षण समितीचे काम सोपविले होते. शाळेच्या वेळापत्रकात खेळाला जागा मिळाली ती ढालींसाठी नव्हे, शिक्षणाचा भाग म्हणून, याची आठवण या गावात तरी कुणी करून द्यावी लागू नये.

उपाय फार मोठे नाहीत. सामन्याआधी पाच मिनिटे दोन्ही प्रशिक्षक, कर्णधार आणि पंच यांनी एकत्र उभे राहून नियमांची उजळणी करावी. निम्मे वाद तिथेच मिटतील. प्रत्येक प्रशिक्षकाने वर्षातून एक तरी सामना दुसऱ्या शाळांसाठी पंच म्हणून चालवावा. शिट्टीचे ओझे हातात आल्याशिवाय कळत नाही. आपल्या महाविद्यालयातील ज्या खेळाडूंना खेळणे थांबवावे लागते, त्यांनी पंचपरीक्षेला बसावे. तालुक्याला पंचांची गरज आहे. आणि आम्हा पंचांनी? आम्ही कार्ड बाहेर काढावे. ओळखीच्या माणसासाठी काढावे, वयाने मोठ्यासाठी काढावे, प्रसंगी स्वतःच्या गुरूसाठीही काढावे.

या लेखातील प्रसंगातले सर हा अंक वाचतील की नाही, कोण जाणे. वाचलाच तर त्यांना एवढेच सांगायचे आहे : सर, आपल्या आवारातल्या चिंचेखाली आपणच आम्हाला पहिल्या दिवशी बजावले होते की हात लागला तर आपण होऊन बाहेर जायचे. त्या पावसाळी दिवशी तुमची ती विद्यार्थिनी तुमचाच धडा पाळत होती. तिच्या बाजूने उभे राहणे माझे काम होते, आणि ते मी केले नाही. पुढच्या वेळी करीन.