काचेला चिकटलेला फोटो

२०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी नांदेडला होते. रस्ता मोकळा झाल्यावर गाव गाठलं. आमच्या घराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. खालची हळदीची पोती भिजून फुगली होती. धान्याचं काय झालं ते विचारायची हिंमत झाली नाही. अंगणात काकांनी बाज टाकली होती आणि तिच्यावर घरातले सगळे फोटो मांडले होते. लग्नाचे, शाळेतल्या गॅदरिंगचे, वारल्यावर हार घालून भिंतीला टांगलेले.

काकांच्या हातात आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, फोटोची चौकट होती. मागचे खिळे काढून झाले होते. फोटो काचेला चिकटला होता आणि काका नखानं त्याचा कोपरा सोडवू पाहत होते.

“काका, ओढू नका,” मी जवळजवळ ओरडलेच.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत माणसाचं रूप असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात, चांदीच्या बारीक कणांनी उमटलेलं. पाणी लागलं की तो थर फुगून मऊ होतो आणि समोरच्या काचेला धरतो. वाळला की घट्ट बसतो. मग फोटो ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात उरतो कोरा कागद. असा फोटो काचेसकट ठेवावा आणि काचेवरूनच त्याची प्रत काढून घ्यावी. सुटे फोटो स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावेत, एकावर एक न ठेवता तोंड वर करून सावलीत वाळू द्यावेत. त्या दिवशी आम्ही सगळी बाज उचलून ओसरीत नेली आणि जुन्या सुती धोतरावर एकेक फोटो पसरला. आबा तेवढे काचेतच राहिले.

हा आबांचा एकुलता एक फोटो. आकारानं पासपोर्टएवढा, काळ्या जाड कागदावर डकवून मोठ्या चौकटीत बसवलेला. डोक्याला टोपी, गालफडं बसलेली, नजर समोर रोखलेली. उजव्या खांद्यावर जांभळ्या शाईच्या गोल शिक्क्याचा अर्धा भाग. लहानपणी मला तो शिक्का म्हणजे आबांना मिळालेलं पदक वाटायचा. सैनिकाच्या छातीवर असतं तसलं काहीतरी. घरात सगळे म्हणायचेच, आबा सैनिक होते.

आमच्या भागात सैनिक हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक वर्दीतला, सीमेवरचा. दुसरा हैदराबाद मुक्तिसंग्रामातला, ज्याला वर्दी नव्हती. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी कुरुंदा, वसमत, हिंगोली हा सगळा मुलूख तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात होता. ७ ऑगस्टला हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्यासाठी सत्याग्रह सुरू केला. १५ ऑगस्टला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना पकडलं. मग गावोगावची तरणी पोरं निघाली. सरकारला ज्यांच्यापासून महसूल मिळे ती शिंदीची झाडं तोडायची, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायचे, लेव्हीचं धान्य द्यायचं नाही, असा कार्यक्रम. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच वाढला तशी ही पोरं हद्द ओलांडून लढ्याच्या कॅम्पांवर गेली. आमच्या बाजूच्यांना जवळचा कॅम्प उमरखेडचा. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान. आबा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती नदी ओलांडून गेले.

त्या दिवसांतला त्यांचा फोटो का नाही, हे मला मोठेपणी कळलं. ज्याला पोलीस आणि रझाकार शोधताहेत तो फोटो काढून घेत नाही. काढलेला असला तर घरचे तो चुलीत घालतात. त्या तेरा महिन्यांचे फोटो आहेत ते मोठ्या माणसांचे. १८ सप्टेंबर १९४८ ला सिकंदराबादेत मेजर जनरल चौधरींसमोर शरण येणारे निजामाचे सेनापती एल इद्रूस, पुढं विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडणारा निजाम. हे फोटो मी पाठ्यपुस्तकात पाहिले. पैनगंगेच्या पात्रातून रात्री डोक्यावर गाठोडं घेऊन जाणाऱ्या पोराचा फोटो काढायला तिथं कोणी उभं नव्हतं.

वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचं नाव आमच्या वसमत तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आजेगावच्या लढ्यात ते पडले. वसमतचं बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्या नावानं उभं आहे. त्यांच्या बरोबरीनं धावलेले, पुढं जगले-वाचलेले कितीतरी जण मात्र शेतीवर परत आले, बैल धुतले, पोरं वाढवली आणि गेले. आबा त्यांतले.

त्यांचा फोटो निघाला तो पंचवीस वर्षांनी, अर्जासाठी. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. आणि त्याच वर्षी मराठवाड्यात तो दुष्काळ पडला. आबा खडी फोडायला जात होते. कुणीतरी म्हणालं, अर्ज करा, तुमचा हक्क आहे. भूमिगत होतो हे सिद्ध करायला पुरावा लागे, कागद नसतील तर सोबतच्या सैनिकाचा दाखला. आबांनी वसमतला जाऊन फोटो काढला. तो अर्जावर डकवून साहेबानं अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा शिक्का मारला. माणूस आणि कागद एकच आहेत याची ती खूण. काही महिन्यांनी अर्ज परत आला, दाखला अपुरा म्हणून. दाखला देऊ शकला असता तो कॅम्पवरचा सोबती तोवर वारला होता. आबांनी पुन्हा अर्ज केला नाही. कागदावरून फोटो अलगद सोडवून घेतला आणि चौकटीत बसवला. शिक्क्याचा दुसरा अर्धा भाग त्या कागदावर राहिला. कागद पुढं कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही.

म्हणजे ज्याला मी पदक समजत होते, ती अपुऱ्या पुराव्याची खूण होती. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

फोटो असला म्हणजे माणूस राहिला, असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही. आमचं हिंगोली एके काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होतं. त्या कंटिंजंटच्या घोडदळातूनच पुढं डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही पलटण लढली आणि तिथला, जुलै १९१६ मधला, तिच्या स्वारांचा एक फोटो आजही जगभरच्या पुस्तकांत छापला जातो. फेटे बांधलेले स्वार, हातात भाले, समोर मोकळं माळरान. मी तो कितीदा पाहिला आहे. खाली पलटणीचं नाव असतं, जागेचं असतं, तारीख असते. स्वारांची नावं नसतात. तिकडे चेहरे आहेत आणि नावं नाहीत. इकडे उमरखेडच्या कॅम्पवरच्यांची नावं कुणाच्या तरी तोंडी आहेत आणि चेहरे नाहीत. नाव आणि चेहरा एका जागी आणून ठेवायचं काम फक्त घरातलं माणूस करू शकतं, आणि तेही ठाऊक असणारं माणूस आहे तोवरच.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे आत्या. त्या दिवशी ओसरीत बसून ती एकेक फोटो डोळ्यांजवळ धरायची आणि सांगायची. ही कोण, तो कोण, कुणाच्या लग्नातलं. आबांची काच हातात आली तशी ती थांबली.

“सगळे म्हणतेत बाप कॅम्पावर व्हता,” ती म्हणाली, “पर पोहचला कसा, हे कुणी इचारत नाई. मायनं भाकरी बांधून देल्या व्हत्या. सोळा वर्षांची व्हती ती. मागून शिपाई घरी आले, तिला दारात उभं केलं, मारलं. तिनं सांगितलं, पंढरपूरला गेला म्हून.”

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आजी माझ्या लग्नापर्यंत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी आबांच्या गोष्टी ऐकल्या. त्यांत ती स्वतः कुठंच नव्हती. मुक्तिसंग्रामातल्या बायकांची नावं घ्यायची म्हटली तर धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आठवतात, हातबाँब पोचवणाऱ्या, हाती शस्त्र घेतलेल्या. आमच्या आजीसारख्या कितीजणी उंबऱ्याच्या आत राहून लढल्या, त्यांचं नाव कुठल्या अर्जात यायचं? त्यांना भूमिगत तरी कसं म्हणणार? त्या तर दारातच उभ्या होत्या.

आणखी एक गोष्ट आत्यानं सांगितली. १७ सप्टेंबरला, ज्या दिवशी निजाम शरण आला, आबा अजून कॅम्पवरच होते. चार-आठ दिवसांनी परतले. आल्यावर ते कुणाशी बोलेनात. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याच्या त्या कारवाईनंतर, मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी सूड उगवला गेला. रझाकारांशी काही संबंध नसलेली मुसलमान कुटुंबं त्यात भरडली गेली. त्याची पाहणी करायला सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं होतं. परतीच्या वाटेवर आबांनी काय पाहिलं ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही. दर सतरा सप्टेंबरला ते झेंड्याला जायचे, परत येऊन दिवसभर शेतात एकटे बसायचे. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नावात आमच्या गावाचं नाव आहे. त्यांनी या लढ्याचा अभिमान बाळगला आणि त्याची चिकित्साही केली. आबांना तसं लिहिता-बोलता येत नव्हतं. त्यांच्याकडे गप्प राहणं होतं. फोटोतली ती रोखलेली नजर मला आता निराळी दिसते.

दर वर्षी १७ सप्टेंबर येतो. गावोगाव झेंडे लागतात, हुतात्म्यांना अभिवादन होतं. मी वाचकांना एकच विनंती करते. त्या दिवशी घरातला एक जुना फोटो भिंतीवरून उतरवा. मुक्तिसंग्रामातल्या माणसाचा असो, एकाहत्तरच्या लढाईला गेलेल्या जवानाचा असो. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोण, हा कुठं गेला होता, तो गेल्यावर घर कुणी चालवलं. जे ऐकाल ते फोटोच्या मागं मऊ शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आबांची काच आम्ही तशीच ठेवली. नांदेडला नेऊन काचेवरून प्रत काढली. मोठी करून पाहिली तेव्हा लक्षात आलं, खांद्यावरचा शिक्का गेला होता. शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते. चांदी विरघळत नाही. टोपी होती, गालफडं होती, नजर तशीच होती. शिक्क्याच्या जागी नुसता खांदा होता.

चौकट पुन्हा बंद करायच्या आधी मी काळ्या कागदाच्या मागं पांढरा कागद लावला आणि आत्याला म्हटलं, सांग. तिनं आबांचं नाव सांगितलं, गाव, वय, उमरखेड कॅम्प, साल. मी लिहीत गेले. मग ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “आता मायचं नाव लिही. आन् पुढं लिही, भाकरी हिनं बांधल्या.”

मी लिहिलं.