आधी किती होते?

निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी राहतो. तो अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो आणि बाकीचं काम कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर सोडतो. 2004 च्या त्सुनामीने असे कितीतरी ढीग धुऊन नेले. नंतरच्या पाहणीत घरटी करणारे मेगापोड सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

हा आकडा काढता आला, कारण रवी शंकरन या अभ्यासकाने 1990 च्या दशकातच बेटांवर फिरून ढीग मोजून ठेवले होते. ती मोजणी नसती तर 'बरेच पक्षी गेले असावेत' यापलीकडे कुणालाच काही सांगता आलं नसतं.

बेटावरच्या जिवाला पळून जायला दुसरा तालुका नसतो. आमच्या धंद्यात बॅकअप नसलेल्या सर्व्हरला जसं जपतात, तसं बेट जपावं लागतं. पण ग्रेट निकोबारवरच्या गलाथिया खाडीचं अभयारण्य जानेवारी 2021 मध्ये रद्द झालं. लेदरबॅक हे जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव तिथे अंडी घालायला येतं. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच बेटावर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नव्या शहराला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल जाणार आणि भरपाईची झाडं लावायची ठरली हरियाणात! मेगापोडने तिकडे कसं जायचं, हे मात्र ठरलेलं नाही.

आपल्याकडे सलीम अलींचं नाव अभिमानाने घेतात. त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली (1914–2001) मात्र तरुणांना फारसे माहीत नसतात. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांची सविस्तर यादी त्यांनी 1964 च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्याआधी, 1940 च्या दशकात, ते आपल्या सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर गेले होते. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. त्यांच्याबद्दल आणि तिथल्या सुरय पक्ष्यांबद्दल अब्दुलअलींनी लिहून ठेवलं. पुढे 2001 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला कळलं की ही घरटी सूपसाठी परदेशात पाठवायला चोरली जात आहेत. संस्थेने वन खात्याला सोबत घेऊन तिथे राखण सुरू केली.

समुद्र पाहायला आम्हा शिरूर कासारच्या लोकांना जिल्हे ओलांडावे लागतात, तेव्हा बेटांचं दुःख आम्ही का करावं? मराठीत बांबूचंही बेट असतं, आणि शेतांनी वेढलेला माळ हे हरणांचं बेटच आहे. मार्च 2025 मध्ये आमच्याच तालुक्यातलं हरणांच्या शिकारीचं प्रकरण राज्यभर गाजलं. शेकडो हरणं मारल्याचे आरोप झाले, टीव्हीवर आठवडाभर गोंधळ चालला, कुणी जातीवर घसरलं, कुणी पक्षावर. पण आपापल्या गावच्या माळावर आधी किती हरणं होती, हे आमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? तूर खाल्ली म्हणून शेतकरी ओरडतो तेव्हाही कळप 'लई मोठा' असतो, आणि हरणं गेली म्हणतो तेव्हा 'एक बी दिसंना'. दोन्ही खरं असेल. पण 'लई' हा शब्द पंचनाम्यात बसत नाही.

वन्यजीव वाचवणं म्हणजे मुंबई-पुण्यातल्या कॅमेरेवाल्यांचा शौक, असं आपल्या मोहल्ल्यात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. शेळ्यांमागे रोज माळ तुडवणाऱ्या पोराला हरणांची जेवढी माहिती असते, तेवढी कुठल्याही कॅमेरेवाल्याला नसते. ती फक्त कागदावर येत नाही. तालुक्यातच तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी प्राण्यांचं केंद्र सोनवणे दांपत्य कित्येक वर्षं चालवतं आहे. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. एखाद्या रविवारी तिथे जाऊन काय विचारायचं, याची यादी करा. मोबाइल सगळ्यांकडे आहे, ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदीचं ॲप फुकट आहे. हरणांसाठी दहा रुपयांची वही पुरे: तारीख, वेळ, जागा, नर किती, माद्या किती, पाडसं किती.