पोटगीचे साठ दिवस मोजायला लागा

नागपूरच्या एका आईने 2013 मध्ये, मूल तान्हं असताना, पोटगीचा अर्ज केला. खटला संपेपर्यंत घर चालावं म्हणून द्यायची ती अंतरिम पोटगी कुटुंब न्यायालयाने ठरवली 2015 मध्ये. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला, तोवर मूल शाळेत जायच्या वयाचं झालं होतं; आणि वाद अजून अंतरिम रकमेचाच!

नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम पोटगीचा अर्ज निकाली काढावा, असं कायदा 2001 पासून सांगतो. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. नागपूरच्याच त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन गोष्टी बजावल्या: दोन्ही पक्षांनी मिळकतीचं शपथपत्र द्यावं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. म्हणजे नवा कायदा कुणी मागत नाही. आहे तो पाळला जावा, एवढंच.

मोठ्या शहरात निदान कुटुंब न्यायालय आहे, समुपदेशक आहेत. 1984 च्या कायद्याने सक्ती केली ती दहा लाखांवरच्या शहरांपुरती. जिथे हे न्यायालय नाही तिथे घटस्फोट दिवाणी न्यायालयात, पोटगी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. दोन तारखा, दोन दिवसांची मजुरी बुडाली. पुकारा होतो आणि कळतं, समन्स बजावलंच नाही. मुलाला भेटायला तळमळणारा बापही याच रांगेत उभा आहे. हा बायका विरुद्ध पुरुष असा तंटा नव्हे.

म्हणून, याच आठवड्यात आपल्या आमदारांना आणि जिल्ह्याच्या न्यायालयांवर देखरेख ठेवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या पालक न्यायमूर्तींना पत्र लिहा. विचारा: आपल्या जिल्ह्यात साठ दिवस उलटून गेलेले अंतरिम अर्ज किती? हा आकडा दर महिन्याला न्यायालयाच्या फलकावर लागावा. आठवड्यातला एक दिवस फक्त या अर्जांसाठी राखावा. समुपदेशकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, आणि जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे ते द्यावं. महिला मंडळं, बचत गट, वकील संघ यांनी एकत्र सह्या केल्या तर उत्तमच.

ओळखीतली कुणी अडकली असेल तर तिला सांगा: उत्पन्न कितीही असो, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100. आणि थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायला लावा. नंतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.