घरकुलाचा नकाशा आणि मोबाईलमधला सूर्य

गेल्या मे महिन्यात एका सामाजिक कार्यक्रमासाठी मोखाडा तालुक्यात जाणे झाले. दुपारचे जेवण एका पाड्यावर होते. यजमानांचे घरकुल नवे. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, दाराशेजारी योजनेचे नाव रंगवलेले. शेजारीच त्यांचे जुने कुडाचे घर अजून उभे होते आणि पंगत मांडली होती ती जुन्या घरात! न राहवून कारण विचारले, तेव्हा घरातली आजी म्हणाली, "नवा घर पक्का हाय बाबा, पन दुपारचा तव्यासारखा तापतो." मी मुद्दाम नव्या घरात जाऊन पाच मिनिटे उभा राहिलो. शर्ट अंगाला चिकटला.

वाचकहो, हा प्रश्न त्या एका आजीचा नाही. रमाई आवास योजनेतून आपल्या नवबौद्ध व अनुसूचित जातीच्या कुटुंबांना, शबरी योजनेतून आदिवासींना, तसेच २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून गावोगावी घरकुले होत आहेत. प्रधानमंत्री योजनेत किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगरी व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. एवढ्या पैशात पत्र्याशिवाय काय बसणार, असे कोणीही म्हणेल. मी कॉमर्स शिकलेला कारकून. पैशाची बाजू मला नाकारता येत नाही. परंतु दार कोणत्या दिशेला ठेवावे, खिडकी कोणत्या भिंतीत काढावी, याला जादा खर्च किती येतो? एक पैसाही नाही. मग या गोष्टी विचार न करता का ठरतात?

आमच्यासोबत मंडळातला एक मुलगा होता, आर्किटेक्चर शिकणारा. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि त्या जागेवरून सूर्य वर्षभर कसा फिरतो त्याची रेघ दाखवली. जव्हार-मोखाडा साधारण १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २४ जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो; उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात. मे महिन्यात मात्र सगळा मारा छपरावर! त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांवर उतरतो, तेव्हा त्याच भिंतीतल्या खिडकीतून ऊब आत येते. जव्हारची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना हिचे मोल कळेल. पश्चिमेच्या भिंतीला मात्र दोन शत्रू आहेत. उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरानंतरचे तिरपे ऊन आणि पावसाळ्यात तिकडूनच येणारा झोडपणारा पाऊस. यजमानांच्या घराची मोठी खिडकी नेमकी पश्चिमेला होती.

जुन्या घराने हे सारे सांभाळले होते. कारवीच्या कुडावर माती-शेणाचा लेप, खाली झुकलेले छप्पर, कूड आणि छप्पर यांमधल्या फटीतून निघून जाणारी गरम हवा. तरीही मी कुडाच्या घराची आरती ओवाळणार नाही. कारवी कुजते, छप्पर शाकारत राहावे लागते, विंचू-सापाचे भय, आगीचे भय. शहरात पक्क्या घरात राहून मातीच्या घराची महती गाणाऱ्या विद्वानांची मला चीड येते. पक्के घर हा गरिबाचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच की पक्के म्हणजे भट्टी का असावे?

त्या मुलाकडून आणखी एक गोष्ट कळली. 'एनर्जीप्लस' नावाची संगणक प्रणाली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तयार केलेली असून ती फुकट मिळते. भिंतीची जाडी, छपराचा प्रकार, खिडक्यांची जागा आणि त्या ठिकाणचे हवामान तिला पुरवले की वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला घरात किती तापमान राहील हे ती पाया खणण्याआधी काढून देते. नुसता पत्रा, चुना दिलेला पत्रा, पत्र्याखाली बांबूच्या चटईचे छत, असे तिन्ही पर्याय कागदावरच ताडून पाहता येतात. (अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम केले आहे, त्याने आतली गरमी काही अंशांनी उतरते.) अडचण हवामानाच्या आकड्यांची आहे. हाताशी सहज मिळतात ते मुंबईचे आकडे. पण मुंबई समुद्राला लागून आणि जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. मुंबईचे आकडे घालून जव्हारचे घर आखणे म्हणजे एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला घालणे.

पावसाचे आकडे मात्र आपल्या कृषी खात्याकडून मंडळनिहाय मिळतात. हिशेब माझ्या आवडीचा, म्हणून करून पाहिला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर धरला, तरी २५ चौरस मीटरच्या छपरावर ६२,५०० लिटर पडतात. त्याच छपराखालच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करतात. मोखाडा तालुक्यातल्याच कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, हे वेगळे सांगायला नको. सगळे पाणी साठवायला टाकी परवडणार नाही, हे खरे. पण एक पन्हळ आणि दोन पिंपे तरी नकाशात असावीत की नाही?

मोबाईल घरकुलावर येत नाही असे नाही. तो येतोच! चौथरा झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छप्पर पडले की फोटो, तोही अक्षांश-रेखांशासह. त्याशिवाय हप्ता सुटत नाही. ज्या मोबाईलला आपल्या चौथऱ्याचे अक्षांश-रेखांश ठाऊक आहेत, त्यालाच त्या जागेवरचा सूर्य विचारता येतो. तो फक्त आपल्यावर लक्ष ठेवण्यासाठीच का वापरावा? प्रधानमंत्री योजनेत ठेकेदाराला जागा नाही, घर लाभार्थीने स्वतः बांधायचे असते. म्हणजे दार-खिडकी ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. आयआयटी दिल्लीच्या मदतीने केंद्राने प्रदेशवार घरांच्या नमुन्यांचे 'पहल' नावाचे पुस्तक काढले आहे. पंचायत समितीत जाऊन ते मागा. आपल्या वस्तीत इंजिनिअरिंग-आर्किटेक्चर शिकणारी मुले आहेत. मंजुरीचा कागद आला की आधी त्यांना जागेवर घेऊन जा.

निघताना कळले की यजमानांच्या धाकट्या भावाचेही घरकुल मंजूर आहे. पावसाआधी पाया काढायचा म्हणून फक्कीने आखणी करून ठेवली होती, दार पश्चिमेला. आमच्या मुलाने मोबाईल समोर धरला आणि समजावायला सुरुवात केली. आजी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितला होता यांना, तिकडून पानी येतो. माजा कोन ऐकतो?" धाकटा भाऊ हसला. त्याने पायानेच ती रेघ पुसली आणि फक्कीची पिशवी आणायला घरात गेला.