नाताळची पत्रिका आणि रिकामे बाक

नाताळच्या उपासनेची पत्रिका हा एक लेखनप्रकार आहे असे म्हटले, तर पुष्कळांना हसू येईल. प्रारंभीचे गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, संडे स्कूलच्या मुलांची नाटिका, दानार्पण, संदेश, प्रभूभोजन, आशीर्वाद : सारा मजकूर एका पानात मावतो. तिला लेखक नसतो, समिती असते. परंतु कोणत्याही रचनेप्रमाणे तिच्याही मनात एक गृहीत वाचक असतो. बीड जिल्ह्यातील लहान मंडळ्यांच्या अशा पत्रिका आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत, काहींच्या मांडणीत आमचाही हात आहे. आणि त्यांचा हा गृहीत वाचक त्या दिवशी गावात नसतोच, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

नियोजनाची बैठक बहुधा नोव्हेंबरमध्ये भरते. एकेका पाळकाकडे अनेक गावे असल्यामुळे पहिला प्रश्न वेळापत्रकाचा असतो. २४ तारखेच्या रात्री तालुक्याच्या गावी, २५ला सकाळी एका वाडीवर, दुपारी दुसरीकडे, अशी पाळकांची मोटारसायकल कशी फिरवायची, हे ठरवता ठरवता तासभर जातो. मग रंगरंगोटी, चांदणी, मंडप, पेटी-तबल्याची सोय, घरोघर कॅरल गात फिरणाऱ्यांच्या चहाची व्यवस्था, जेवणाची वर्गणी. ही कामे करणाऱ्यांना कोणी मानधन देत नाही, आभारही क्वचितच मानतो. त्यांच्या कष्टांना उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे इतकेच, की बैठक भरते तेव्हा मंडळीतील कर्ती माणसे निघून गेलेली असतात.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळी झाली की येथून लाखोंच्या संख्येने माणसे बाहेर पडतात; कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ती परततात गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास. ख्रिस्ती कुटुंबे याला अपवाद नाहीत. ऊसतोडीचा हंगाम आगमनकाळाच्या आधी सुरू होतो आणि नाताळ उलटून कितीतरी दिवसांनी संपतो. फडावर रविवार नसतो, २५ डिसेंबरही नसतो. खाडा झाला की पैसे कापले जातात.

मग मंदिरात उरते कोण? आजी-आजोबा आणि त्यांच्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुले. आमची पत्रिका मात्र जणू भरगच्च मंडळीसाठी लिहिलेली असते. तरुण गळ्यांसाठी निवडलेली गीते थकलेल्या आवाजांना झेपत नाहीत. मध्यरात्रीच्या थंडीत, परतीची एसटी नसताना, वाडीवरच्या म्हाताऱ्यांनी उपासनेला यावे अशी अपेक्षा असते. संदेश तासभर चालतो आणि पुढच्या सतरंजीवर बसलेली पोरे पेंगतात. रिकामे बाक पाहून मग ‘लोकांची श्रद्धा कमी झाली’ असा निष्कर्ष काढला जातो. श्रद्धा कमी झालेली नसते. ती कोपीत चूल पेटवत असते.

यातील विसंगती शास्त्रपाठ वाचणाऱ्यालाही जाणवत नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते. लूककृत शुभवर्तमानातील कथा ही प्रवासाचीच कथा आहे. सरकारी नावनोंदणीच्या हुकुमामुळे एक गरीब जोडपे दिवस भरत आले असताना वाटेला लागते, उतारशाळेत जागा मिळत नाही, आणि बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. पोटुशी असतानाही मोळी उचलणाऱ्या बाईला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आम्ही मात्र पुठ्ठ्याची गव्हाण रंगवतो आणि जिच्या बैलांपुढे त्या रात्री खरे वाढे पडलेले आहे, तिचे नावही मध्यस्थीच्या प्रार्थनेत घेत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो तारखेचा. नाताळ २५ डिसेंबरलाच, त्याला इलाज काय? तारीख आम्हांलाही प्रिय आहे. पण या तारखेचा रोममधील सर्वांत जुना लेखी आधार इ. स. ३३६चा मानला जातो. आर्मेनियन मंडळी आजही जन्मोत्सव ६ जानेवारीला साजरा करते. ईस्टर तर चंद्राच्या मागे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान सरकत असतो. ज्या पंचांगाने चंद्राला एवढी सवलत दिली, त्याने ऊस तोडणाऱ्या माणसाला थोडी दिली तर धर्म बुडणार नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. त्यासाठी दूर जायला नको. शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तन उपासनेत रुजवले. भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग-ओवीची वाट दाखवली. त्यांची पदे आजही ‘उपासनासंगीता’तून गायली जातात. १९१७मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो तर मिशनच्या चौकटीबाहेरच. उपासनेने माणसांच्या सोयीने रूप बदलावे, हा विचार आमच्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. आपण टिळकांच्या चाली ठेवल्या, धाडस तेवढे विसरलो.

म्हणून आमची सूचना अशी. नियोजनाची बैठक नोव्हेंबरात न भरता दसऱ्यापूर्वी भरावी आणि तिचे पहिले काम यादी करण्याचे असावे : कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याला, कोणत्या टोळीत जाणार आहे. कोल्हापूर, मिरज, सातारा, सोलापूर येथे मिशनकाळापासूनच्या मंडळ्या आहेत. त्यांना ही नावे पत्राने कळवावीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी नावाच्या बहिणीची अशीच शिफारस करतो; तेव्हा ही काही नवी शक्कल नव्हे. तेथील चार माणसांनी नाताळच्या आठवड्यात एका संध्याकाळी, गाड्या भरून झाल्यावर, कोप्यांवर जावे. एक भजन, एक शास्त्रपाठ, एक प्रार्थना. अर्धा तास पुरे. त्यासाठी पाळकच हवा असे नाही. प्रभूभोजन परतल्यावर होऊ शकते.

गावातील उपासना सायंकाळी लवकर व्हावी, आजोबांना येणाऱ्या जुन्या चालीत गावी, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत गेलेल्यांची नावे त्यांच्या मुलांनीच वाचावीत. आणि टोळ्या परतल्या की एका रविवारी सर्वांनी एकत्र बसून जेवावे. नाताळची वर्गणी त्या दिवसासाठी थोडी राखून ठेवली तरी भागेल.

अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. टोळ्या एका फडावरून दुसऱ्यावर हलतात, मुकादम कुरकुर करील, शहरी मंडळीतील काहींना कोप्यांवर जाणे कमीपणाचे वाटेल. यांतील शेवटची अडचण सर्वांत मोठी आहे, आणि ती नियोजनाची नव्हे. तिच्यावर उपाय प्रत्येकाने आपल्या मनात शोधायचा आहे. बाकीच्या अडचणींना एक वही आणि थोडी टपालाची तिकिटे पुरतील. आता तर मोबाईलही आहे.

पुढल्या दसऱ्याला आमच्या बैठकीत पत्रिकेचा कोरा कागद समोर येईल, तेव्हा त्यावर प्रारंभीचे गीत लिहिण्याआधी गावाबाहेर निघालेल्यांची नावे लिहावीत, असा आग्रह आम्ही धरणार आहोत.